श्वास ऐकू येतो तेव्हा
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी काही विद्वान नाही. शाळा आठवीत सुटली. पुढचं शिक्षण सूतगिरणीच्या पाळ्या सांभाळत, वाचनालयातल्या पुस्तकांतून झालं. त्यामुळं बोलण्यात काही कमी-जास्त झालं तर पदरात घ्यावं, ही विनंती.

गेल्या वर्षभरापासून आपल्या विहारात रविवारी सकाळी वंदनेनंतर आम्ही दहा-बारा जण बासरी घेऊन बसतो. त्यावरून वस्तीत चर्चा झाली. चर्चा झालीच पाहिजे, ती आपल्या चळवळीची रीत आहे. एक ज्येष्ठ उपासक मला वाटेत थांबवून म्हणाले, "बाबा रे, बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं आपण. विहारात कृष्णाची मुरली कशापायी आणतोस?" आणि एक शिकलेला तरुण म्हणाला, "काका, ध्यान करायचं तर ध्यान करा. वाजवायचं कशाला? उपोसथाच्या अष्टशीलात तर वाद्य वर्ज्य सांगितलंय." दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. हसून टाळण्यासारखे नाहीत. म्हणून समितीनं हा विषय मला दिला तेव्हा मी लगेच हो म्हणालो.

पहिला प्रश्न माझ्या घरचाच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

माझे वडील लहानपणी गावची गुरं राखायचे. त्यांच्याजवळ बांबूचा एक पावा होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि पुढं आमच्या गावातही लोकांनी दीक्षा घेतली. घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले. माझ्या आजीनं त्या टोपलीत वडिलांचा पावाही घातला. कुणीतरी म्हणालं होतं, हे कृष्णाचं वाद्य, हे घरात नको. वडिलांना त्याचं वाईट वाटलं का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "छे, देव गेले ते बरंच झालं." पण पुढं शहरात आल्यावर, गिरणीला लागल्यावर, वर्तमानपत्राची गुंडाळी हातात आली की त्यांची बोटं तिच्यावर चालायची. त्यांचं त्यांना कळायचंही नाही. ते गेले तोवर त्यांनी पुन्हा पावा हातात धरला नाही.

माझ्या आजीला मी दोष देत नाही. हजारो वर्षांचं ओझं उतरवायचं होतं, तेव्हा टोपलीत एखादी वस्तू जास्तीची गेली तर गेली. पण आज शांतपणे विचार केला पाहिजे. बासरी कुणाची आहे? जर्मनीत होले फेल्स नावाच्या गुहेत २००८ साली गिधाडाच्या हाडाची, पाच छिद्रांची बासरी सापडली. ती किमान ३५ हजार वर्षांपूर्वीची आहे असं संशोधक सांगतात. तेव्हा कुठला देव आणि कुठलं पुराण? आपल्या सांचीच्या स्तूपाच्या उत्तर तोरणावर स्तूपाला वंदन करणारे परदेशी लोक कोरलेले आहेत, त्यांत दुहेरी पावा वाजवणारे आहेत. आपल्या महाराष्ट्रातल्या अजिंठ्याला गेलात तर पहिल्या लेण्यात महाजनक जातकाचं चित्र बघा. नर्तकीभोवतीच्या वादकांत बासरीवाल्याही आहेत. म्हणजे धम्माच्या लेण्यांत बासरी दीड-दोन हजार वर्षांपासून आहे.

पण इथं मी अर्धसत्य सांगणार नाही. अजिंठ्याची ती बासरी ध्यानाची नाही. ती राजवाड्यातली, मोहाची बासरी आहे आणि राजा महाजनक तो मोह सोडून निघून जातो, अशी ती कथा आहे. म्हणून अजिंठ्यात बासरी आहे म्हणजे बासरी हे ध्यानच झालं, असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणेन की बांबू कुणा देवाच्या मालकीचा नाही. तो बुरूड बांधवांच्या हातात आला की सूप होतो, टोपली होते, आणि छिद्रं पाडली की बासरी होते. आपण तिची पूजा करत नाही, तिला हळदकुंकू लावत नाही, तिच्यापुढं उदबत्ती लावत नाही. मग प्रतिज्ञेचा भंग होत नाही.

आणखी एक सल आपल्या जुन्या माणसांच्या मनात आहे. गावगाड्यात वाजवणं हे आपल्या आणि आपल्यासारख्या जातींवर लादलेलं काम होतं. लग्न दुसऱ्याचं, आपण दाराबाहेर उन्हात उभं राहून वाजवायचं आणि शेवटी उरलंसुरलं अन्न पदरात घ्यायचं. बाबासाहेबांनी असली हलकी समजली गेलेली, लाचारीची कामं सोडायला सांगितली, ते योग्यच होतं. पण त्याच बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतलं होतं. राज्यघटनेचं काम करणारा, रात्र रात्र वाचणारा माणूस विद्यार्थी होऊन सूर लावायला बसतो, यातून मी एक धडा घेतला. दुसऱ्याच्या दारात हुकमानं वाजवणं ही गुलामी. आपल्या घरात, आपल्या मर्जीनं, आपल्या मनासाठी वाजवणं हे स्वातंत्र्य. वाद्य तेच, माणूस बदलला.

आता दुसऱ्या प्रश्नाकडं येतो. हा प्रश्न जास्त अवघड आहे.

आपण गृहस्थ उपासक पंचशील घेतो. त्यात वाद्याचा निषेध नाही. पण उपोसथाच्या दिवशी जे अष्टशील घेतात त्यांनी नाच, गाणं, वाजवणं यांपासून दूर राहायचं असतं. श्रामणेर आणि भिक्खूंनाही तो नियम आहे. अंगुत्तर निकायात तर भगवंतांनी भिक्खूंना सांगितलं आहे की धम्माचं पठण लांबलचक गाण्याच्या सुरात केलं तर दोष लागतात. म्हणणारा स्वतःच आपल्या आवाजात गुंततो, ऐकणारेही आवाजात गुंततात आणि अर्थ बाजूला राहतो. भगवंतांनी हे किती अचूक सांगितलं आहे! आपण भीमगीतांच्या कार्यक्रमातही बघतो ना, चाल चांगली लागली की शिट्ट्या पडतात आणि शब्द कुणाच्या डोक्यात राहत नाहीत.

हे सगळं मान्य करूनच आमचे नियम ठरले आहेत. उपोसथाला अष्टशील घेणाऱ्यांनी त्या दिवशी बासरीला हात लावायचा नाही. वंदना, त्रिशरण, परित्राण यांपैकी काहीही बासरीवर वाजवायचं नाही. सिनेमाची गाणी विहारात नाहीत. स्पर्धा नाही, टाळ्या नाहीत. मग उरलं काय? उरला एक श्वास आणि एक सूर. तेवढ्यासाठीच आम्ही बसतो.

हे कुठून सुचलं ते सांगतो. त्यासाठी थोडं जपानला जावं लागेल.

जपानी बौद्ध म्हटलं की मुंबईकरांना वरळीचं जपानी बुद्धमंदिर आणि तिथला ढोल आठवतो. पण जपानात झेनच्या परंपरेत फुके नावाचा एक पंथ होता. झेन हा शब्द आपल्याच ध्यान, पालीतल्या झान या शब्दाचा प्रवास आहे. चीनमध्ये गेला तेव्हा चान झाला, जपानात झेन झाला. या फुके पंथाच्या साधूंना कोमुसो म्हणत, म्हणजे शून्यतेचे साधू. डोक्यावर वेताच्या टोपलीसारखी मोठी टोपी घालायचे, तिच्यात सगळा चेहरा झाकून जायचा. आपण कोण हे लोकांना दिसू नये, अहंकार झाकला जावा, हा भाव. हातात बांबूची बासरी, तिचं नाव शाकुहाची. शाकु म्हणजे जपानी फूट आणि हाची म्हणजे आठ. एक फूट आठ भाग, आपल्या मापात साधारण साडेचोपन्न सेंटिमीटर लांब. उभी धरायची, वरच्या काठावर फुंकायची. पुढं चार आणि मागं एक अशी पाचच छिद्रं. हे साधू दारोदार बासरी वाजवत भिक्षा मागायचे आणि बासरी फुंकणं हेच त्यांचं ध्यान होतं. त्याला ते सुइझेन म्हणतात, म्हणजे फुंकण्याचं ध्यान.

इथंही डोळे उघडे ठेवून वाचलं पाहिजे. हा पंथ अगदी पवित्र होता असं नाही. त्यात मालक गमावलेले बेकार सामुराई शिपाई पुष्कळ होते. सरकारनं आपल्याला खास हक्क दिले, अशी सनद ते दाखवायचे, ती बनावट होती असं इतिहासकार मानतात. तोंड झाकलेलं असल्यामुळं हेरगिरीचा संशयही त्यांच्यावर यायचा. शेवटी १८७१ साली जपानच्या नव्या सरकारनं हा पंथच बंद केला. मठ गेले, भिक्षा गेली. पण फुंकण्याची कला शिक्षकांनी टिकवली. आज जगभर साधी माणसं, नोकरदार, म्हातारी माणसं, ती शिकतात. पंथ खोट्या सनदेवर उभा राहिला तो बुडाला, आणि साधना खरी होती ती टिकली. बाबासाहेबांनी आपल्याला हेच शिकवलं आहे ना? ग्रंथात आहे म्हणून घेऊ नका, बुद्धीच्या कसोटीला लावा आणि उपयोगी असेल तेवढं घ्या.

त्यांची एक साधना मला फार भावली. तिला रो-बुकी म्हणतात. रो म्हणजे सगळी छिद्रं बंद करून निघणारा सर्वांत खालचा सूर. बाकी काही नाही, तोच एक सूर रोज काही वेळ फुंकायचा. मोठमोठे वादकसुद्धा रोज तिथूनच सुरुवात करतात. मी वाचलं आणि म्हटलं, अरे, याला ना पैसा लागत, ना गुरूचं घराणं लागत. हे आपल्या वस्तीत होऊ शकतं.

आता मला त्याची गरज का पडली, तेही सांगितलं पाहिजे. नाहीतर तुम्ही म्हणाल, याला काय हौस आली!

मी एका शिबिरात आनापान शिकायला गेलो होतो. नाकपुडीपाशी येणारा-जाणारा श्वास फक्त जाणायचा. किती सोपं वाटतं! पण मला तीन दिवस श्वास सापडलाच नाही. एक तर तीस वर्षं रिंग फ्रेमच्या आवाजात काढलेली. शांत जागी बसलो की कानात मशीनच सुरू होई. दुसरं म्हणजे छाती. कापसाच्या बारीक धुळीत काम करणाऱ्यांना माहीत आहे, सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती कशी आवळून येते. डॉक्टरी भाषेत त्या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. माझा श्वास असा आखूड, चोरटा झालेला. बघायला गेलो की भीती वाटायची, भीती वाटली की तो आणखी आखूड व्हायचा. मी शिबिरातून परत आलो तो मनात म्हणत, ध्यान आपल्यासारख्या कामगारासाठी नाही, ते शिकलेल्यांचं, निवांत माणसांचं काम.

त्याच वर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीला गेलो. नेहमीप्रमाणं पुस्तकं घेतली. परत येताना फुटपाथवर बासरीवाला दिसला, काठीला बासऱ्या खोचलेल्या. वडिलांची बोटं आठवली. एक घेतली. घरी आणली आणि आठ दिवस नुसतं फुस्स फुस्स. घरची मंडळी हसली. नवव्या दिवशी सूर लागला आणि मी चमकलो. कारण ज्या श्वासाला मी तीन दिवस शोधत होतो तो कानानं ऐकू येत होता! थरथरत होता, अडखळत होता, पण होता. दीर्घ श्वास सोडला की सूर दीर्घ, आखूड सोडला की आखूड. राग असला की फुंक जोरात जाते आणि सूर एकदम वरच्या पट्टीत उडी मारून किंचाळतो. मन दुसरीकडं गेलं की सूर पातळ होतो, त्यात वाऱ्याचा आवाज येतो. बासरीपुढं ढोंग चालत नाही.

भगवंतांनी सतिपट्ठान सुत्तात श्वासाची साधना समजावताना कुणाची उपमा दिली आहे, ठाऊक आहे? राजाची नाही, पुरोहिताची नाही. कातारी कामगाराची! कुशल कातारी दोरी लांब ओढतो तेव्हा त्याला कळतं आपण लांब ओढतोय, आखूड ओढतो तेव्हा कळतं आखूड ओढतोय. तसं साधकाला आपला श्वास कळावा. हे वाचलं त्या दिवशी माझी छाती भरून आली. अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांनी ध्यान शिकवताना कामगाराच्या हाताकडं बोट दाखवलं. आणि मी म्हणत होतो ध्यान कामगारासाठी नाही!

माझ्या कामातही तेच आहे. रिंग फ्रेमवर धागा तुटतो. तुटणारच. जोडणाऱ्यानं धाग्याला शिव्या घालून तो जुळत नाही. हलक्या बोटानं टोक उचलायचं, लावायचं, पुढं चालायचं. पाळीत किती वेळा तुटला याचा हिशोब करत बसलं तर पुढचे चार तुटतात. मनाचं तसंच आहे. सूर चालू असताना मन घरी गेलं, उधारीकडं गेलं, भांडणाकडं गेलं. कळलं की परत आणायचं. राग नाही, रडणं नाही.

आता नवीन येणाऱ्यांसाठी आम्ही कसं करतो ते क्रमानं सांगतो.

पहिल्यांदा साधा पावा घ्या, ज्याच्या तोंडाला शिट्टीसारखी चोच असते. जत्रेत मिळतो तो. त्यात फुंकलं की सूर निघतोच, म्हणून मुलं आणि वयस्कर माणसं कंटाळत नाहीत. आडवी बासरी नंतर घ्या, तिला ओठ बसायला आठवडे लागतात. ती लांब नको, बोटं पोचली पाहिजेत. आमच्यातल्या एकानं पीव्हीसीच्या पाईपला छिद्रं पाडून केली आहे, तीही चालते.

वंदनेला बसतो तसं बसायचं, पाठ सरळ, खांदे सैल. आधी बासरी मांडीवर ठेवून काही श्वास नुसते जाऊ द्यायचे. मग सहाही छिद्रं बंद करायची. बोटाच्या टोकानं नाही, पेराच्या मऊ भागानं. दाबायचं नाही, नुसतं झाकायचं. कुठं फट राहिली तर सूर चिरकतो. लहान मुलांना सहा झाकत नाहीत, त्यांनी वरची तीनच झाकावी, आडव्या बासरीवर तो सा होतो. फुंक एवढीच हवी की समोरच्या मेणबत्तीची ज्योत हलेल, पण विझणार नाही.

एक श्वास, एक सूर. सूर संपला की थांबायचं. घाईनं हवा ओढायची नाही. आत येणारा श्वास आपोआप येतो, तो येताना बघायचा. माझ्या अनुभवानं सांगतो, खरं काम या थांबण्यातच होतं. सूर गेला, पुढचा आला नाही, मध्ये काय आहे? सूर उपजला, राहिला आणि गेला. अनिच्च म्हणजे काय हे मला दहा पुस्तकांनी कळलं नव्हतं तेवढं त्या थांबण्यात कळलं.

असं दहा मिनिटं करायचं. मग बासरी खाली ठेवायची आणि आणखी दहा मिनिटं बिनआवाजाचा श्वास बघायचा. हा भाग कुणी गाळायचा नाही. भगवंतांनी तराफ्याची उपमा दिली आहे. नदी ओलांडायला तराफा बांधला, पलीकडं पोचल्यावर कुणी तो डोक्यावर घेऊन चालत नाही. बासरी आपला तराफा आहे. जो नुसता वाजवत राहिला आणि खाली ठेवायला शिकला नाही, त्याला सूर आला असेल, ध्यान आलं नाही. माझ्या तरुण मित्राच्या प्रश्नाला हे माझं उत्तर आहे. बासरी म्हणजे आनापान नव्हे. ज्यांना श्वास सापडत नाही त्यांना दारापर्यंत आणून सोडणारी ती पायरी आहे. ज्याला बासरीशिवाय बसता येतं त्यानं खुशाल बिनबासरीचं बसावं, आम्ही त्याला बोलावणार नाही.

काही सावधगिरी. सुरुवातीला जोरजोरात फुंकलं की चक्कर येते. गरजेपेक्षा जास्त श्वास बाहेर गेला की तसं होतं, त्यात साक्षात्कार वगैरे काही नाही. लगेच थांबा, साधा श्वास घ्या. दमा, रक्तदाब, हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि मी हे स्पष्ट सांगतो, बासरीनं माझा छातीचा आजार बरा झाला नाही. औषध चालू आहे. मी आता श्वासाला घाबरत नाही, एवढंच. ज्याची त्याची बासरी वेगळी हवी, एकमेकांची तोंडाला लावायची नाही. आपल्या वस्त्यांत क्षयरोग अजून आहे हे विसरू नका. बासरी उन्हात ठेवू नका, बांबू तडकतो. वाजवून झाली की आतून कापडानं पुसा, अधूनमधून तेलाचा हात फिरवा. आणि चाळीत वाजवताना शेजारी रात्रपाळीचा माणूस झोपला आहे का ते आधी बघा. त्याची झोप मोडून केलेलं ध्यान हे ध्यान नाही, तिथं मैत्रीच संपली.

फार ओढायचं नाही आणि फार सैल सोडायचं नाही. सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. चंक्रमण करून करून त्याचे पाय रक्ताळले, तरी मनाला शांती नाही. सोडून घरी जावं असं त्याच्या मनात आलं. तो गृहस्थ असताना चांगली वीणा वाजवायचा. भगवंतांनी त्याला तेच विचारलं. तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते का? फार सैल सोडल्या तर वाजते का? आणि त्यावरून त्याला प्रयत्नाचं माप शिकवलं. बंधू-भगिनींनो, भगवंतांनी त्याला वीणा पुन्हा हातात दिली नाही हे खरं. पण त्याच्या हातात जे ज्ञान आधीच होतं ते फेकून द्यायलाही सांगितलं नाही. त्याच ज्ञानातून त्याला मार्ग दाखवला. आपल्याकडं जे आहे, कुणाकडं गाणं, कुणाकडं शिवण, कुणाकडं धागा जोडणारी बोटं, त्यातूनच धम्माकडं जाता येतं.

आता आमच्या रविवारच्या बैठकीबद्दल थोडं. एक मुलगा येतो, नाव सांगत नाही. बापाचं काम सुटलं, घरात दारू आली, रोजची भांडणं. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "काका, डोळे मिटले की घरचंच दिसतं, मला नाही बसता येत." मी म्हटलं, डोळे उघडे ठेव आणि नुसता फुंक. दोन महिने तो फक्त फुंकत होता, बासरी खाली ठेवायच्या वेळी उठून जायचा. एका रविवारी तो उठला नाही. पूर्ण दहा मिनिटं बसला. नंतर मला म्हणाला, "आज घरचं दिसलं, पण मी पळालो नाही." याच्या घरची परिस्थिती काही सुधारली नाही. बाप अजून पितो. त्यासाठी आपल्याला व्यसनमुक्तीचं काम करावं लागेल, रोजगारासाठी लढावं लागेल, मोर्चे काढावे लागतील. बासरी वाजवून कामगाराला काम मिळत नाही, आणि तसं कुणी सांगत असेल तर तो तुम्हाला फसवतोय. पण लढणाऱ्याचं मन ठिकाणावर नसेल तर चळवळीची काय अवस्था होते, तेही आपण पाहिलं आहे. रागानं फुंकलेला सूर किंचाळतो, लांब टिकत नाही.

ते ज्येष्ठ उपासक, ज्यांनी मला कृष्णाच्या मुरलीबद्दल विचारलं होतं, ते मागच्या महिन्यात एका रविवारी येऊन भिंतीला टेकून बसले. हातात बासरी घेतली नाही. शेवटपर्यंत ऐकत होते. जाताना म्हणाले, "गाणं काही वाजवत नाही तुम्ही." मी म्हटलं, "नाही दादा, नुसता श्वास." ते म्हणाले, "मग हरकत नाही." त्यांची सगळी शंका फिटली असेल असं मी म्हणत नाही. पण त्यांनी येऊन, पाहून, मग मत दिलं. एहिपस्सिको, या आणि पाहा, हीच तर धम्माची रीत.

माझ्या वडिलांच्या पाव्याची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली. नदीत गेलेला पावा परत येत नाही आणि तो परत यावा असंही मला वाटत नाही. वडिलांनी जो मार्ग घेतला तो धरूनच मी आज इथं उभा आहे. फक्त एवढंच वाटतं, ते आज असते तर त्यांच्या हातात पावा देऊन म्हटलं असतं, दादा, आता हा कुणाचा नाही, तुमचाच आहे. फुंका.

रविवारी सकाळी वंदना संपल्यावर ज्यांना यायचं असेल त्यांनी यावं. माता-भगिनींनी जरूर यावं. बासरी नसली तरी चालेल, समितीच्या कपाटात चार पावे धुऊन ठेवले आहेत. जो घेईल त्याचाच तो राहील.



भवतु सब्ब मंगलं! नमो बुद्धाय! जय भीम!